औषध देणाऱ्या हातांची रंगीत तालीम

श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली असेल, त्यांना दवाखान्यातली औषधाची बाटली आठवत असेल. रिकामी बाटली घरून विसळून न्यायची. तीत लालसर किंवा गढूळ मिश्रण भरून मिळे, आणि बाटलीच्या अंगाला कागदाची एक उभी पट्टी चिकटवलेली असे. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक डोस. घरात वाचता येणारे कोणी नसले तरी अडत नसे. या खाचेपासून त्या खाचेपर्यंत औषध द्यायचे, एवढे आजीलाही समजे.

ती पट्टी कातरणारा माणूस म्हणजे कंपाउंडर. मिश्रण तोच घोटायचा, पट्टी तोच चिकटवायचा, जखम तोच धुवायचा, सुई उकळून इंजेक्शनही पुष्कळदा तोच टोचायचा, आणि वर "तिखट, आंबट बंद बरं का" हेही तोच सांगायचा. औषध तयार करणारा तोच आणि देणाराही तोच. त्यामुळे एका गोष्टीची सोय होती. 'मी काय तयार केले' हे दुसऱ्या कोणाला समजावून सांगण्याची त्याला गरज पडत नसे.

आता तसे राहिलेले नाही, आणि ते बरेच झाले. औषधे हजारोंनी वाढली. त्यांचे गुण, त्यांची भांडणे, त्यांची मात्रा हे सारे एका माणसाच्या डोक्यात मावणारे नाही. म्हणून औषधांचे शास्त्र शिकणारा औषधनिर्माता वेगळा झाला आणि रोग्याच्या उशाशी राहणारी परिचारिका वेगळी झाली. दोघांची महाविद्यालये वेगळी, पुस्तके वेगळी, परीक्षा वेगळ्या. पण औषधाच्या खिडकीपासून रोग्याच्या खाटेपर्यंत जे चार पावलांचे अंतर पडले, त्या अंतरात काय घडते? आज मला आपल्याला सांगायची आहे ती या चार पावलांची हकिगत. नाटकमंडळी पडदा उघडण्यापूर्वी वेष चढवून, दिवे लावून रंगीत तालीम करतात. त्याप्रमाणे खोटा रोगी निजवून औषधशास्त्राच्या आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी एकत्र तालीम करायची, अशी एक पद्धत जगात रूढ होत आहे. ती एकाएकी आलेली नाही.

खोट्या रोग्यावर हात बसवण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय आहे, त्याचे नाव 'योग्यासूत्रीय'. योग्या म्हणजे सराव. सगळी शास्त्रे पढलेला शिष्यसुद्धा हात चालवून पाहिल्याशिवाय कामाला लायक होत नाही, असे तेथे म्हटले आहे, आणि मग सरावाचे साहित्य सांगितले आहे. ते ऐकताना आपण एखाद्या भाजीच्या मळ्यात तर नाही ना, असे वाटते! चिरण्याचा सराव कोहळ्यावर, दुधी भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर करावा. शिरा टोचण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा. शिवण्यासाठी कापडाची कड किंवा मऊ चामडे घ्यावे. आणि पट्टी बांधण्यासाठी? त्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली घ्यावी आणि तिच्या एकेका अवयवावर पट्ट्या बांधून पाहाव्यात. म्हणजे आज रुग्णालयाच्या शाळेत जो पुतळा खाटेवर निजलेला दिसतो, त्याची आजी-पणजी आपल्याकडे केव्हाच होऊन गेली.

आणखी एक गोष्ट शिक्षकमित्रांनी ध्यानात घ्यावी. आपल्या आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाय मानले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चारही पाय धड असतील तरच चिकित्सा उभी राहते. पण नीट पाहिले तर या चारांत माणसे तीनच आहेत. औषध ही वस्तू आहे, औषध करणारा माणूस तेथे वेगळा मोजलेला नाही. कारण त्या काळी वैद्य स्वतःच मुळ्या आणी, कुटी, काढा आटवी किंवा आपल्या देखरेखीखाली करून घेई. औषध करणारा वेगळा माणूस ही पुढच्या काळातली व्यवस्था. युरोपात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात कायदाच केला, की वैद्याने वैद्यकी करावी, औषधविक्याने औषध करावे, आणि दोघांनी धंद्यात भागीदारी करू नये. हेतू चांगला होता. दोघांनी संगनमत करून रोग्याला लुबाडू नये म्हणून हा बांध घातला होता. पण बांध घातला की पाणी इकडचे इकडे आणि तिकडचे तिकडे राहते.

आता आपण अठराव्या शतकातल्या फ्रान्सच्या खेड्यांत जाऊ. खेड्यातल्या बाळंतिणी आणि अर्भके त्या काळी फार मोठ्या संख्येने दगावत. सुइणी बहुतेक निरक्षर, आणि जे ज्ञान ते ऐकीव. पंधराव्या लुई राजाला प्रजा घटते आहे, सैन्याला माणसे मिळणार नाहीत, अशी काळजी वाटत होती. १७५९ साली त्याने आंजेलिक द्यू कुद्रे नावाच्या एका अनुभवी सुइणीला सनद दिली, की तिने गावोगाव फिरून बायकांना बाळंतपणाची विद्या शिकवावी.

या बाईपुढे अडचण कोणती, ते पहा. शिकणाऱ्या बायकांना अक्षर येत नाही, म्हणून पुस्तक उपयोगाचे नाही. खरी बाळंतीण समोर घेऊन शिकवावे, तर तिच्यावर चुका करू देता येत नाहीत. तेव्हा बाईंनी एक यंत्र केले. यंत्र कसले, कापड, चामडे आणि आत कापूस भरून शिवलेले स्त्रीच्या कमरेखालचे शरीर. काही नमुन्यांत आत खरी कंबरेची हाडे बसवलेली होती. दोऱ्या आणि पट्टे ओढले की वाट कशी ताणते ते दिसे. बरोबर कापडाचे बाळ. बाळ आडवे आले तर, पायाळू आले तर, जुळे असले तर, हात कोठे घालावा, जोर किती लावावा, हे त्या बाहुलीवर पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. पुढे तर त्यांनी आत स्पंज बसवून रक्ताच्या रंगाचे पाणी वाहील अशीही व्यवस्था केली.

ही बाई सुमारे पंचवीस वर्षे फ्रान्सभर फिरली. हजारो खेडवळ बायका तिच्या हाताखालून गेल्या. गाव सोडताना ती एक बाहुली मागे ठेवून जाई आणि तिथल्या शस्त्रवैद्यांनाही ती वापरून शिकवायला सांगे. त्या बाहुल्यांपैकी एक आजही फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. मला या हकिगतीत सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की चूक करण्याची परवानगी देणारी शाळा या बाईने उघडली. कापडाचे बाळ हातातून निसटले तर पुन्हा आत ठेवून पुन्हा करायचे! खऱ्या खाटेवर हे शक्य नाही.

परिचारिकांच्या शाळेत बाहुली आली ती पुढे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावे शाळा सुरू झाली आणि परिचर्या हा शिकून करायचा व्यवसाय झाला. अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या रुग्णालयाच्या शाळेत आधी पेंढा भरलेले पुतळे वापरीत असत. १९११ साली तेथे मुलांच्या बाहुल्या करणाऱ्या मार्था चेस नावाच्या बाईंकडून मोठ्या माणसाच्या उंचीची बाहुली करून आणली. मुली तिला 'मिसेस चेस' म्हणू लागल्या. तिला कूस वळवायची, अंघोळ घालायची, अंथरूण बदलायचे. १९१४ च्या सुमारास तिच्या दंडात इंजेक्शन टोचण्याची जागाही केली गेली. किती परिचारिकांनी आपली पहिली सुई या मिसेस चेसला टोचली असेल, याचा हिशेब नाही.

१९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी करणाऱ्या कारखानदाराने, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, तोंडाने श्वास भरण्याचा आणि छाती दाबण्याचा सराव करण्यासाठी रबरी-प्लॅस्टिकची बाहुली काढली. तिला 'अ‍ॅन' म्हणतात. या गृहस्थाचा स्वतःचा लहान मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचला होता, म्हणून हे काम त्याने मनावर घेतले. आणि १९६३ साली अमेरिकेतले हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनी वेगळाच मार्ग काढला. त्यांनी पुतळ्याऐवजी धडधाकट माणसालाच रोग्याची भूमिका पढवली. आपल्याकडे बहुरूपी जसा सोंग हुबेहूब वठवतो तसे. पहिल्याने सहकाऱ्यांनी नाके मुरडली, पण पुढे ही पद्धत जगभर गेली.

इथपर्यंत झाले ते हातांचे शिक्षण. ज्याचा त्याचा हात ज्याच्या त्याच्या कामात तयार झाला. पण एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. या सगळ्या बाहुल्यांभोवती सुईण आहे, परिचारिका आहे, डॉक्टर आहे. औषधनिर्माता कोठेच नाही! त्याची शाळा खलबत्त्याची, तराजूची, बाटल्यांच्या फडताळाची. त्याच्या विद्येला रोग्याची खाट लागतच नाही, असा समज फार काळ होता.

हा समज मोडला तो दुःखाच्या वाटेने. आणि गंमत अशी, की तालीम एकत्र करावी हा धडा रुग्णालयांनी प्रथम घेतला तो विमानवाल्यांकडून.

वैमानिकांची खोटी विमाने जुनीच होती. अमेरिकेत एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो करण्याचा कारखाना होता. त्यातले भाते घेऊन लिंकने १९२९ साली जमिनीवरच डुलणारे, वळणारे खोटे विमान केले. आपल्या पेटीचा भाता आपण भजनाला वापरतो, त्याने भात्यावर वैमानिक तयार केले! पण त्यातही एकटा माणूस एकट्याने शिकत असे. मग आला २७ मार्च १९७७ चा दिवस. कॅनरी बेटांतल्या टेनेरीफ येथील विमानतळावर धुके दाटले होते. एक प्रचंड विमान उड्डाणासाठी धावू लागले, आणि दुसरे त्याच धावपट्टीवर अजून होते. धडक झाली आणि ५८३ माणसे मेली. धावणाऱ्या विमानातल्या अभियंत्याला शंका आली होती. दुसरे विमान अजून बाजूला झाले नाही का, असे त्याने विचारलेही होते. कप्तान मोठा, मानाचा, अनुभवी. त्याने 'झाले आहे' अशा अर्थाचे ठाम उत्तर दिले आणि प्रश्न तेथेच संपला.

श्रोतेहो, या अपघातात कोणाला विमान चालवता येत नव्हते असे नाही. धाकट्याला मोठ्यापुढे दुसऱ्यांदा बोलता आले नाही, एवढेच. १९७९ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने यावर विचारविनिमयाची बैठक बोलावली, आणि त्यानंतर विमानातल्या सगळ्या मंडळींना एकत्र बसवून, अडचणीचा प्रसंग उभा करून, बोलण्याचा सराव देण्याची प्रथा पडली. पुढच्या काही वर्षांत स्टॅनफर्ड येथील डेव्हिड गाबा या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ही रीत शस्त्रक्रियेच्या खोलीत आणली. पुतळा टेबलावर, त्याची नाडी आणि रक्तदाब यंत्रावर, आणि भोवती सगळी मंडळी. एकाएकी नाडी बिघडायची, आणि कोण कोणाला काय सांगतो हे पाहायचे.

औषधाच्या बाबतीत सगळ्यांचे डोळे उघडणारी घटना १९९४ सालची. अमेरिकेत बोस्टन शहरात 'बोस्टन ग्लोब' नावाचे दैनिक आहे. त्यात बेट्सी लेमन या बाई आरोग्यविषयक सदर लिहीत. म्हणजे लोकांना औषधपाण्याविषयी शहाणे करणे हेच त्यांचे काम. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. वय ३९. त्या शहरातल्या डाना-फार्बर या नामांकित कर्करोग संस्थेत त्यांना जालीम औषधाचे उपचार दिले जात होते. औषधाची जी मात्रा चार दिवसांत मिळून द्यायची होती, ती हुकूम लिहिताना अशी उतरली की रोज तेवढी द्यायची असा अर्थ झाला. चार दिवस चौपट औषध गेले. ३ डिसेंबर १९९४ रोजी बाई मरण पावल्या.

आता पहा. तो हुकूम डॉक्टरांनी लिहिला, औषधनिर्मात्यांच्या हातून गेला, परिचारिकांच्या हातून गेला. सगळे शिकलेले, सगळे आपापल्या परीक्षा उत्तीर्ण झालेले. औषध तयार करणाऱ्याला मात्रा जास्त आहे हे कळण्याइतके शास्त्र येत होते. पण उपचारच प्रयोगाचे, मात्रा मोठ्याच असायच्या, तेव्हा वरच्यांनी पाहिलेच असेल असे वाटणे स्वाभाविक होते. परिचारिकेसमोर रोगी दिवसेंदिवस खालावत होता, पण आलेली बाटली तपासून आली असणार असे तिला वाटले असणार. प्रत्येकाने दुसऱ्यावर विश्वास टाकला. विश्वास वाईट नाही, परंतु येथे कोणी कोणाला विचारले नाही. ही चूक उघडकीस आली ती दोन महिन्यांहून अधिक काळाने, कागदपत्रांची नेहमीची तपासणी चालू असताना, एका कारकुनी काम करणाऱ्याच्या नजरेला.

१९९९ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेने एक अहवाल काढला. टाळता येण्यासारख्या चुकांमुळे तेथील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे मरत असावीत, असा अंदाज त्यात होता. या आकड्यांवर पुष्कळ वाद झाला, पण त्या अहवालाच्या आरंभीच बेट्सी लेमनबाईंचे उदाहरण दिलेले आहे. माणसे वाईट म्हणून चुका होतात असे नव्हे, तर कामाची मांडणीच अशी असते की चूक मध्ये कोठे अडत नाही, असा त्या अहवालाचा सूर होता. वेगवेगळ्या व्यवसायांच्या लोकांना एकत्र काम करण्याचे शिक्षण द्या, खोटे प्रसंग उभे करून सराव द्या, अशाही सूचना त्यात होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८८ सालीच एकत्र शिकण्याचा विचार मांडला होता. २०१० साली तिने त्यावर सविस्तर आराखडा प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसह शिकावे, असे त्याचे सार आहे.

पण हे प्रत्यक्षात कसे करतात? सिद्धांत ऐकून कंटाळा येतो, म्हणून एक तालीमच आपण पाहू. प्रसंग मी आपल्याकडचा घेतो.

एका खोलीत खाट आहे. खाटेवर पुतळा, त्याला सगळ्या 'मावशी' म्हणतात. मावशींना मधुमेह. बाजूच्या टेबलावर औषधशास्त्राचा विद्यार्थी बसला आहे, त्याचे ते औषधालय. खाटेजवळ परिचर्येची विद्यार्थिनी. हुकूम आला, इन्सुलिन २० युनिट. विद्यार्थ्याने कुपी दिली. कुपी बरोबर, तारीख बरोबर. मुलीने ट्रेमधली सिरिंज घेतली, २०च्या रेघेपर्यंत औषध ओढले आणि मावशींना टोचले. दोघांनीही आपापले काम नीट केले, नाही का?

थोड्या वेळाने मावशी, म्हणजे पडद्याआडून शिक्षिका, बोलू लागतात, "अगं, घाम सुटलाय मला. हातपाय थरथरताहेत. डोळ्यांपुढे अंधारी येतेय." यंत्रावर साखर उतरत चाललेली दिसते.

काय झाले? आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. सिरिंजाही त्याप्रमाणे दोन. ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. विद्यार्थ्याने दिलेली कुपी होती १०० ची. ट्रेमधली सिरिंज लाल टोपणाची, ४० ची. त्या सिरिंजेवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. शंभराच्या कुपीतून अर्धा मिलिलिटर घेतला तर युनिट होतात ५०. वीसच्या जागी पन्नास! शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहावे, सातवीच्या मुलांनाही सुटेल. उलट केले, म्हणजे चाळीसची कुपी आणि केशरी सिरिंज घेतली, तर वीसच्या जागी आठच युनिट जातात आणि साखर खाली येत नाही.

आणि याच प्रसंगात दुसरी एक गोष्ट दडवून ठेवलेली असते. मावशींनी सकाळचे जेवण ताटात तसेच टाकले होते. ताट मुलीला दिसले होते, पण ते औषधालयाला कळवायचे असते हे तिला सुचले नाही. कुपीची ताकद मुलाला ठाऊक होती, पण वॉर्डात कोणत्या सिरिंजा आहेत हे त्याने विचारले नाही. अर्धे ज्ञान खिडकीत, अर्धे खाटेजवळ. दोन अर्धी शहाणपणे एकत्र आली नाहीत, म्हणून मावशींचा जीव धोक्यात. बरे, मावशी प्लॅस्टिकच्या!

तालीम संपली की खरा वर्ग सुरू होतो. सगळे गोल करून बसतात. याला डीब्रीफिंग म्हणतात, आपण मागाहूनची उजळणी म्हणू. येथे शिक्षकाने रागावायचे नसते. "तू चुकलीस" असे म्हणायचे नाही. "त्या वेळी तुझ्या मनात काय चालले होते?" असे विचारायचे. मग हळूच कोणी सांगते, "मला शंका आली होती, पण विचारले तर हसतील असे वाटले." हे वाक्य बाहेर यावे म्हणून एवढा सगळा खटाटोप असतो. टेनेरीफच्या अभियंत्याची आणि बोस्टनच्या त्या वॉर्डाची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही.

या उजळणीत बोलण्याच्या काही साध्या रीती शिकवतात. तोंडी हुकूम ऐकला की तो परत म्हणून दाखवायचा. आपल्या गावात निरोप्या निरोप घेऊन निघण्यापूर्वी आपण "काय सांगशील, सांग बरं" असे विचारतो, तसेच हे. दुसरी रीत अमेरिकेच्या नौदलातल्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. आधी आता काय झाले ते सांगायचे, मग त्यामागची हकिगत, मग आपल्याला काय वाटते ते, आणि शेवटी काय करावे असे आपले म्हणणे. शेवटची पायरी धाकट्यांना सर्वांत अवघड जाते. मोठ्यांपुढे 'माझे म्हणणे असे' म्हणायची सवय आपल्याकडे घरातही नसते, तर रुग्णालयात कोठून असणार? सवय नसली की तोंड उघडत नाही. म्हणून बोलण्याचीही तालीम, हातांसारखीच.

आता या पद्धतीने रोगी खरोखर वाचतात काय, असे कोणी विचारील. विचारावेच. २०१३ साली या विषयावरील अभ्यासांचा एक काटेकोर आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कसोटीला उतरणारे अभ्यास १५च निघाले. सात अभ्यासांत फायदा दिसला, चारांत काही बाबतींत दिसला आणि काहींत नाही, आणि चारांत काहीच फरक आढळला नाही. एकत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांचा एकमेकांविषयीचा आदर वाढतो, विचारण्याचा धीर येतो, हे पुष्कळांना दिसून आले आहे. पण तो धीर दहा वर्षांनी भर रात्रपाळीत टिकतो का, हे मोजणे कठीण. मला स्वतःला वाटते, की पुरावा तोकडा असला तरी दिशा बरोबर आहे. बाहुलीच्या किमतीचा मात्र फार बडेजाव माजवू नये. आज बोलणारे, श्वास घेणारे, घाम येणारे पुतळे लक्षावधी रुपयांना मिळतात आणि काही ठिकाणी ते पाहुण्यांना दाखवण्यापुरते खोलीतून काढले जातात.

आपल्या देशात परिचर्येचा कायदा १९४७ चा आणि औषधव्यवसायाचा १९४८ चा. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर लागोपाठ झालेले हे दोन कायदे. पण दोघांच्या परिषदा वेगळ्या, अभ्यासक्रम वेगळे. परिचर्येसाठी संसदेने २०२३ साली नवा कायदा केला, तरी ही वेगळी घरे वेगळीच आहेत. काही चांगल्या गोष्टीही घडल्या. २००८ साली फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला आणि औषधशास्त्राचा विद्यार्थी नेमाने वॉर्डात, खाटेजवळ जाऊ लागला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात बाहुल्यांवरील सरावासाठी वेगळे तास घातले गेले. म्हणजे एकीकडे औषधवाला खाटेपर्यंत आला, दुसरीकडे खाटेजवळची मुलगी बाहुलीपर्यंत आली. एकाच आवारात दोन्ही महाविद्यालये असतील, तर मधली भिंत ओलांडून आठवड्यातून एक दुपार एकत्र बसणे एवढेच उरते. त्याला महागडा पुतळा लागत नाही. जुनी उशी, एक कुपी, दोन सिरिंजा आणि मावशीचा आवाज काढणारी एक हौशी शिक्षिका पुरेशी आहे. सुश्रुताचे कोहळ्यावर भागले, द्यू कुद्रेबाईंचे कापडावर भागले.

आणि तालमीबाहेरचे, घरचे म्हणाल तर एक सांगतो. आपल्या घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर आज रात्रीच कुपीवर ४० लिहिले आहे की १०० ते पाहा, आणि सिरिंजेचे टोपण लाल आहे की केशरी ते पाहा. चाळीसला लाल, शंभराला केशरी. जुळत नसेल तर पुढची सुई घेण्यापूर्वी औषधाच्या दुकानात किंवा आपल्या आरोग्य केंद्रातल्या औषध निर्माण अधिकाऱ्यांकडे दोन्ही वस्तू हातात घेऊन जा, आणि तेथल्या सिस्टरांनाही तेच विचारा. दोघांची उत्तरे सारखी आली म्हणजे झाले.